पारदर्शकता कक्षातील उघडी यादी

पत्राला उत्तर न देणे हे चुकीचे उत्तर देण्यापेक्षा केव्हाही निर्दोष असते. शेती मदत कार्यालयाच्या पारदर्शकता कक्षातल्या म्हाताऱ्या कारकुनाला हे तत्त्व तोंडपाठ होते. तरीही एक पत्र पावणेतीन वर्षांहून अधिक काळ त्याच्या खणात, अर्ध्या वाचलेल्या कादंबरीखाली पडून होते आणि ते दिसू नये म्हणून तो खण उघडणेच टाळी.

पत्र एका कोंबडीवालीचे होते. महामारीत बाजार बंद पडला तेव्हा तिने साडेचारशे कोंबड्या रस्त्यावर उभे राहून फुकट वाटल्या होत्या. मदतीच्या अर्जावर तिला 'निधी संपला' असे कळवण्यात आले. 'मग मिळाला कुणाला, तेवढं तरी सांगा,' एवढेच तिने विचारले होते.

प्रश्न रास्त होता. अपिलाच्या अर्जात 'आपल्याऐवजी कोणत्या अपात्र व्यक्तीस मदत मिळाली' हा रकाना भरणे सक्तीचे आहे. (रिकामा असल्यास अपील फेटाळतात. आजवर शंभर टक्के अपिले फेटाळली गेली. वाटप अचूक झाल्याचा हा पुरावा मानला जातो.) मुदत तीन वर्षांची, येत्या शुक्रवारी संपणारी.

यादी गुप्त मुळीच नव्हती. नियमानुसार ती कक्षातल्या टेबलावर सर्वांसाठी उघडी ठेवलेली होती. मदत घेणाऱ्यांना संकोच वाटू नये म्हणून फक्त नावे काळ्या मार्करने झाकली होती. झाकणारा कारकूनच. (हस्ताक्षर सुरेख असल्याने हे काम त्याच्याकडे आले.) त्यामुळे नावे त्याला पाठ होती: पोहण्याचा क्लब (हिरवळ हे पीक आहे), शर्यतीच्या घोड्यांचा तबेला, आणि साहेबांच्या सासऱ्यांची गच्ची, टोमॅटोच्या तीन कुंड्यांसह.

बुधवारी त्याने धीर केला.

"साहेब, त्या कोंबडीवाल्या बाईंना यादी पाठवू का?"

"पाठवा की, काका. आपल्याला काय लपवायचंय?" साहेब म्हणाले. "फक्त झेरॉक्स पाठवा. मूळ कागद नको."

"मूळ का नको?"

"एवढी पुस्तकं वाचता, आणि हे मी सांगू? उजेडात धरला की सगळं दिसतं त्यात."

कारकून जागेवर आला. साहेबांचेच बरोबर असेल, आपल्याला काय कळते, असे त्याला वाटले. चहा गार आहे, एवढेही त्याने जन्मात कुणाला सुनावले नव्हते. आणखी कुणी यादी पाहून गेले असेल तर आपण कशाला मध्ये पडा, म्हणून त्याने अभ्यागतांची वही चाळली. तीन वर्षांत एकही सही नव्हती. साहेबांनी वर कळवले होते: 'जनतेचा पूर्ण विश्वास.'

त्याने यादीची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. मूळ कागद पाकिटात घातला. सोबतची चिठ्ठी चारदा फाडून पाचव्यांदा लिहिली: 'उशिराबद्दल क्षमा असावी. खिडकीपाशी उभे राहून वाचावे.' जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः टपाल कार्यालयात गेला, आणि उद्या पोहोचणाऱ्या टपालाने ते उत्तर एकदाचे रवाना झाले.

टेबलावरच्या यादीतून आता खरोखरच काही दिसत नाही. बदल अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही. कक्ष अकरा ते पाच उघडा असतो, वहीचे पेन दोरीने बांधून ठेवले आहे, आणि तिच्यात आपली सही नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.