ज्योतीरामचा विषमज्वर

दापोडीच्या ज्योतीरामने नापास होण्याची एवढी तयारी केली होती, की तितकी पास होण्यासाठी केली असती तर पहिला आला असता! गणिताचा पेपर देऊन आला आणि मिळतील त्या गुणांची बोटांवर बेरीज केली. एकोणतीस! पास व्हायला हवेत पस्तीस. नापास झाला की सरकारी शिष्यवृत्ती बंद, ती बंद की पुण्याचं कॉलेजही बंद. वडील रंगरावांनी बजावलंच होतं, "मग गुमान कारखान्यात यायचं."

"आपली शिष्यवृत्ती कुणाच्या बापाला बंद करता यायची न्हाई!" त्याने सायकलवाल्या बरकतला छाती ठोकून सांगितलं. नियमच होता ना! आजारपणामुळे नापास झालेल्याला सवलत.

गावातले दत्तोबा वैद्य आजारपणाचा खोटा दाखला द्यायला आधी तयार होईनात.

"बरं, पडसं लिहू?"

"पडशानं काय होतंय? विषमज्वर लिवा! परीक्षाभर अंथरुणातून उठलाच न्हाई, असं लिवा!"

निकालाची वाट न बघता पठ्ठ्याने दाखला कॉलेजात देऊन टाकला. वैद्यांनी सोबत दिलेली काढ्याची बाटली मात्र आईच्या, यशोदाबाईंच्या हाती लागली. झालं! ऐन मे महिन्यात तीन दिवस घोंगडीत आणि वर कडू काढा.

"आई, मला काय बी झालं न्हाई गं!"

"व्हय, तापात माणूस असंच बरळतंय. पी!"

चौथ्या दिवशी निकाल लागला. गणितात अडतीस! बेटा गणितात इतका कच्चा, की स्वतःच्या गुणांची बेरीजही चुकला होता. नाचतच तो कॉलेजच्या कचेरीत गेला. कारकून अर्जुनरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अभिनंदन! पण तू अंथरुणात होतास ना? मग पेपर कुणी लिहिला?"

"मीच की, साहेब!"

"म्हणजे दाखला खोटा. शिष्यवृत्ती बंद."

"न्हाई, न्हाई! दाखला खराय!"

"मग पेपर खोटा. तो रद्द! शिष्यवृत्ती चालू राहील. ऑक्टोबरात गणिताला पुन्हा बस."

पुन्हा गणित! घरी पोचेपर्यंत ज्योतीरामचं अंग खरोखरच तापलं. दात कडकडा वाजू लागले.

"आई, काढा दे गं!"

यशोदाबाई बाटली आणायला उठल्या. पण बरकतकडून सगळा प्रकार ऐकून आलेले रंगराव दारातच उभे होते.

"थांब," ते म्हणाले. "आधी दाखला बघू!"