कोमट सिमेंट आणि तरसाची दाढ

एका जंगलात, मुलांनो, भैरू नावाचा तरस राहत होता. हाडं फोडून खाणं हा त्याचा पिढीजात धंदा. आणि नेमकी त्याच्या दाढेलाच कीड लागली. दाढ गेली तर तरसाने खायचं काय? गवत? हरणं हसली असती हो!

भैरू दातांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर जातीचे वानर. परजंगलात शिकून आलेले, आणि येताना एक यंत्र घेऊन आलेले.

"हे यंत्र दाताचं सिमेंट गरम करतं," डॉक्टर म्हणाले. "थंड सिमेंट खाचाखोचांत शिरत नाही. गरम झालं की मऊ होतं, कानाकोपऱ्यात जाऊन बसतं, दाढेला धरून राहतं. मात्र काढल्या काढल्या भरायचं. लगेच निवतं ते."

"मग भरा की, डॉक्टरसाहेब!"

"आ कर."

भैरूने आ केला. डॉक्टरांनी दाढ कोरली, सिमेंट तापवलं, बाहेर काढलं.

तेवढ्यात दारात वाजंत्री वाजली. यंत्राच्या उद्घाटनाला साक्षात सिंहमहाराज आले होते. त्या जंगलात महाराजांच्या भाषणाआधी कुठलंही नवं काम होत नसे.

नारळ फुटला. यंत्राला हार घातला. कोल्ह्याने प्रास्ताविक केलं. मग महाराज 'उबेचं महत्त्व' या विषयावर बोलायला उभे राहिले, ते बसेचनात. सिमेंट निवत चाललेलं भैरूला दिसत होतं. त्याचा जीव कासावीस झाला.

"आऽ... आऽ..." तो करू लागला.

"रोगी किती भारावलाय पाहा!" कोल्हा म्हणाला. टाळ्या पडल्या.

शेवटी डॉक्टरांनी ते निवलेलं सिमेंट दाढेत कोंबलं आणि ते घट्ट व्हावं म्हणून वर काजव्याचा उजेड धरला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच हाडाला सिमेंट बाहेर आलं. सोबत अर्धी दाढही आली. भैरू रडत डॉक्टरांकडे गेला.

"सिमेंट गरम होतं, हे सगळ्या जंगलाने पाहिलंय," डॉक्टर म्हणाले. "तुझी दाढच थंड होती, त्याला मी काय करू?"

"पण साहेब, मी आता खाऊ काय?"

"सोमवारी यंत्राचा सत्कार आहे. शिरा आहे. ये."

भैरू गेला. शिरा मऊ होता. कोल्ह्याने माईक पुढे केला.

"काय भैरू, चावता येतंय ना?"

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोटात भूक होती आणि द्रोण अजून अर्धा भरलेला होता.

"येतंय," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : आ वासून बसलेल्याला तक्रार करता येत नाही. म्हणून शहाण्याने आधी रोग्याला आ करायला लावावं, आणि मगच भाषणं सुरू करावीत.