पावणेदोनशे लिटरचा हिशोब

सुभेदार नाथाजी लष्करातून निवृत्त होऊन उंब्रजला आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन वर्षं कशी गेली हे फक्त बनुबाईंना माहीत होतं. पहाटे साडेचारला घरातले सगळे दिवे लागत. फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे केलेले असत, त्यामुळे हळद हवी असली की बनुबाईंना आधी डब्याची उंची आठवावी लागे. भाकरी किंचित वाकडी झाली तर नाथाजी काही बोलत नसत, नुसते त्या भाकरीकडे बघत. बोललेलं परवडलं असतं.

म्हणून शिरवळच्या एका कारखान्यातून सिक्युरिटी सुपरवायझरच्या जागेचं पत्र आलं तेव्हा नाथाजींना जेवढा आनंद झाला त्याच्या दुप्पट बनुबाईंना झाला. राहायला खोली कंपनीची, घरी यायला सुट्टी पंधरवड्यातून एकदा. हे शेवटचं वाक्य बनुबाईंनी नवऱ्याला दोनदा वाचायला लावलं.

वैद्यकीय तपासणीत मात्र अडलं. रक्तातलं क्रिएटिनिन थोडं जास्त निघालं. किडनीच्या डॉक्टरांचं पत्र पुढच्या शनिवारपर्यंत आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं कंपनीनं कळवलं.

कराडच्या डॉक्टर आम्रपाली मॅडम वयानं लहान, पण बोलायला सरळ होत्या. त्यांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं काढली. रक्त दिवसभर त्यांच्यातून फिरतं, म्हणाल्या; दोघं मिळून दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी गाळतात, त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि नको ते दीड-दोन लिटरमधून बाहेर घालवतात. नाथाजींनी मान डोलावली. आत कोणाला सोडायचं आणि बाहेर कोणाला काढायचं, यातच त्यांची हयात गेली होती. मग मॅडमनी गोळ्यांचं विचारलं. गुडघा दुखतो म्हणून नाथाजी दोन वर्षं रोज दोन पेनकिलर खात होते.

"त्या आजपासून बंद. साधं पाणी वेळच्या वेळी प्या, मीठ कमी करा, आणि बाकी कुणी काही काढा-बिढा दिला तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पाच लिटरचा एक पांढरा कॅन पुढं केला. रविवारी सकाळी सहाला पहिल्यांदा होईल ती लघवी टाकून द्यायची. त्यानंतर सोमवारी सहापर्यंतची सगळी लघवी यात साठवायची. एक थेंब बाहेर जाता कामा नये.

सोबत बनुबाईंचा धाकटा भाऊ सयाजी होता. तो शेजारच्या गावातल्या दूध संस्थेचा वीस वर्षं सेक्रेटरी. मॅडमच्या सगळ्या बोलण्यातून त्याच्या ध्यानात एकच गोष्ट राहिली, पावणेदोनशे लिटर. काढ्याचं वाक्य त्यानं ऐकलंच नाही, कारण तोवर कोणता काढा द्यायचा ते तो ठरवत होता.

रविवारी तो सकाळीच मुक्कामाच्या तयारीनं हजर झाला. पिशवीत घेटुळीची पानं होती, मक्याच्या कणसाचे केस होते, दुर्वा होत्या आणि कुळीथ होते. सगळं निसर्गाचं हाय, म्हणाला, निसर्गाला कसलं विचारायचं डॉक्टरला. तो स्वतः मूत्रपिंडं धुऊन निघावीत म्हणून रोज दोन ग्लास उसाचा रस पीत असे. नाथाजींनी काढ्याच्या पेल्यांची रांग पाहिली, मॅडमचा हुकूम आठवला आणि नुसतं पाणी प्यायले. सयाजी रुसला आणि कुळथाचं कढण त्यानं एकट्यानं संपवलं.

कॅन कुठं ठेवायचा यावर थोडा वाद झाला. मॅडमनी थंड जागी ठेवायला सांगितलं होतं. फ्रिजमध्ये दही आहे, एवढंच बनुबाई म्हणाल्या आणि विषय मिटला. कॅन न्हाणीत, ओल्या पोत्यात गुंडाळून उभा राहिला. पोतं वाळू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडायचं काम बनुबाईंनी आपणहून घेतलं. नाथाजी ठरल्या वेळी न्हाणीत जात, येत, आणि मधल्या वेळात रानात चक्कर मारून येत.

सोमवारी सहाला कॅन जवळजवळ चार लिटर भरला होता. नाथाजींनी तो उजेडात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. नुसत्या पाण्याचा एवढा गुण येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. सयाजी मान खाली घालून चहा पीत होता.

बुधवारी तिघंही रिपोर्ट घ्यायला कराडला गेले. मॅडमनी कागद दोनदा वाचला. या हिशोबानं सुभेदारांची किडनी दोघा-तिघांचं काम एकटी करते, म्हणाल्या. शिवाय लघवीत भरपूर साखर होती, आणि रक्तातली साखर मात्र नेहमीइतकीच होती.

"म्हणजे किडनीच साखर गळू देत असेल. असं क्वचित असतं. सगळ्या तपासण्या होईपर्यंत मी फिट म्हणून लिहून देऊ शकत नाही."

"किती दिवस लागतील?" नाथाजींनी विचारलं.

"महिना धरा."

शनिवार तीन दिवसांवर होता. नाथाजी खुर्चीत ताठ बसले होते, फक्त मिशी थोडी खाली आली होती. बनुबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सयाजी उठला, परत बसला, परत उठला.

"दाजी, मारू नगा," तो म्हणाला. "त्यात थोडं माझं हाय."

मग सयाजीनं सगळं सांगितलं. दुपारी बघितलं तर कॅनमध्ये जेमतेम लिटरभर. मॅडमनी पावणेदोनशे सांगितलेलं. कमी भरलेला कॅन संस्थेत आला की मेंबरचं नाव खराब होतं, हे त्यानं वीस वर्षं पाहिलेलं. दाजींची नोकरी जाईल म्हणून त्याचा जीव तुटला.

"तुम्ही भेसळ केलीत?" मॅडम म्हणाल्या.

सयाजीला तो शब्द लागला. "भेसळ न्हाई मॅडम. पानी घातलं की मशीन धरतंय, त्ये मला म्हाईत हाय. म्या अस्सल माल घातलाय."

नाथाजी त्याच्याकडे बघत राहिले, वाकड्या भाकरीकडे बघत तसे. मॅडमनी मात्र सुटकेचा श्वास सोडला. रोज दोन ग्लास उसाचा रस म्हणजे साखर कुणाची ते उघड होतं. त्यांनी तिथंच सयाजीचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला एकशे बारा. सयाजीला काहीही झालेलं नव्हतं.

मॅडमनी मशीन बदललं. एकशे दहा.

"मग साखर आली कुठनं?" नाथाजी म्हणाले.

बनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पोतं भिजवाय गेलते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तळाला उगं इवलंसं दिसलं. म्हटलं, ह्यांना नापास केलं तर काय करायचं."

"आक्का, तू बी?" सयाजी म्हणाला. त्याला धीर आला होता.

बनुबाईंच्या बोटाचा आकडा तीनशे बारा आला. अलीकडे तहान फार लागते, पाय ओढतात, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मॅडमनी त्यांना समोर बसवलं, गोळ्या लिहून दिल्या आणि नीट समजावलं: मूत्रपिंडांचा सगळ्यात मोठा वैरी ही साखरच, पण वेळेवर कळलं, ते बरं झालं. खाणं सांभाळायचं आणि रोज चालायचं.

नाथाजींनी गुरुवारी पुन्हा कॅन भरला, या वेळी न्हाणीला कुलूप घालून. पावणेदोन लिटर भरलं, आणि रिपोर्ट निर्मळ आला. गोळ्या थांबवल्यावर रक्तातला क्रिएटिनिनचा आकडाही उतरला होता. शनिवारी सकाळी मॅडमनी फिट म्हणून पत्र दिलं. बनुबाईंनी घरी येताच माळ्यावरची काळी ट्रंक काढून पुसली, कपडे भरले, वर लोणच्याची बरणी ठेवली. चटणीसुद्धा ठेवली.

नाथाजी बाहेरून फोन करून आत आले. "ट्रंक ऱ्हाऊ दे," म्हणाले. "म्या येत न्हाई म्हणून कळवलं त्यांना."

"आवं, का?"

"तीनशे बारा घिऊन तू हितं एकटी, आन् मी परक्याच्या गेटावर उभा ऱ्हाऊ व्हय?"

तीस वर्षांच्या संसारात नाथाजी एवढं कधी बोलले नव्हते. बनुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती कशाचं, हे त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं.

संध्याकाळी गोळ्यांचं विचारायचं म्हणून त्यांनी मॅडमना फोन लावला, आणि शेवटी आवाज बारीक करून विचारलं, ही साखर किती दिवसांत जाते. जात नाही मावशी, मॅडम म्हणाल्या, पण आयुष्यभर ताब्यात ठेवता येते. सुभेदारांसारखा माणूस घरात असल्यावर तुम्हाला कसली काळजी.

बनुबाईंनी फोन ठेवला आणि दारातून बाहेर पाहिलं. अंगणात नाथाजी उकिडवे बसून, बायकोसाठी बाजारातून आणलेल्या पांढऱ्या बुटांच्या नाड्या ओवत होते.