चार टायर, रीतसर

गाडीला चार टायर हवे होते. एवढीच गोष्ट आहे. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

गाडी दोघांपुरती, उघड्या टपाची, लाल, वय वर्षं अठ्ठावन्न. मालक निवृत्त वजनमापे निरीक्षक, वय वर्षं एकसष्ट. बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत, कारण त्यांची नजर माणसाच्या तोंडाकडे कधी नसे, तराजूच्या काट्याकडे असे. अकरा ग्रॅमच्या फरकापायी त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला तराजू सील केला होता आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेले होते. पान वाढलं गेलं नाही. त्याचीही त्यांनी वेळेसह नोंद ठेवली.

गाडी वडिलांनी घेतली तेव्हा काटासाहेब तीन वर्षांचे होते आणि ताई नऊ. गाडीत जागा दोन. त्यामुळे वडिलांच्या शेजारी बसायची ती ताई, आणि फाटकाला धरून रडायचे ते काटासाहेब. वडील गेल्यावर दर रविवारी सकाळी ते इंजिन दहा मिनिटं चालवत, बंद करत, फडकं मारत आणि दार ओढून घेत. पंधरा वर्षांत गाडी गॅरेजबाहेर पडली नव्हती.

मग ताईच्या डोळ्यांत मधोमध डाग आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याचं पोट पेन्सिलीनं काळं केलं. "कडेचं दिसत राहील. समोरचं जाईल. सहा महिने धरून चाला."

ताई बाहेर येऊन बाकावर बसली. म्हणाली, "बाळ्या, गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"किनाऱ्याच्या रस्त्यानं. ते वळण आहे ना, डोंगर संपतो आणि एकदम समुद्र अंगावर येतो, तिथं बाबांनी मला नेलं होतं. मी ओरडले होते बघ. तेवढं एकदा दाखव. मग पडदा पडायचा तर खुशाल पडू दे."

"नेतो की. टायर तेवढे बघतो."

ही झाली पार्श्वभूमी. आता कार्यवाही.

टायरवाल्याचं दुकान चौकात होतं. तो गॅरेजमध्ये आला, उकिडवा बसला आणि टायरच्या भेगेत त्यानं अंगठ्याचं नख घातलं. नख आख्खं आत गेलं.

"साहेब, हे टायर नाहीत, वाळलेल्या चपला आहेत. हे तारखेचे तीन आकडे दिसतात? तीन आकडे म्हणजे माल मागच्या शतकातला."

"नक्षी शाबूत आहे," काटासाहेब म्हणाले. वडिलांनी हा संच पस्तीस वर्षांपूर्वी घातला होता, टायरचा कारखाना बंद पडायच्या आदल्या महिन्यात.

"दात मढ्याचेही शाबूत असतात. माझ्याकडे याच मापाचे आहेत, छोट्या टेम्पोला बसतात ते. तासाभरात घालून देतो."

"नियमाला धरून आहेत का?"

टायरवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत कानावर ठेवली. "गोल आहेत, काळे आहेत, हवा धरतात. त्यापुढचं विचारत बसलात तर गाडी खांद्यावरून न्यावी लागेल."

शहरात अशा चाळीसेक जुन्या गाड्या होत्या. चाळिसांचेही टायर कधी ना कधी बदलले गेले होते. पण विचारून कोणी बदलले नव्हते. काटासाहेबांनी विचारलं. वाहन कार्यालयाला लेखी विचारलं, दोन प्रतींत, पोच घेऊन. आयुष्यभर लोकांना 'लेखी द्या' म्हणत आलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. सात आठवड्यांनी उत्तर आलं.

विषय: टायर (नग चार) बदलणेबाबत.
संदर्भ: १) आपला अर्ज. २) आपले स्मरणपत्र. ३) आपले समक्ष येऊन बसणे.
उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, पुरातन वाहनाचा टायर वाहनाच्या निर्मितीकाळाचा असणे बंधनकारक आहे (पुरातन विभाग). तसेच कोणत्याही वाहनाचा टायर सहा वर्षांहून जुना नसावा (सुरक्षा विभाग). दोन्ही अटींची पूर्तता एकाच टायरने करावी.

काटासाहेब पत्र घेऊन कार्यालयात गेले. कारकून चष्मा पुसत होता.

"म्हणजे नेमका कुठला टायर घ्यायचा?"

"अठ्ठावन्न वर्षांपूर्वी बनलेला. सहा वर्षांच्या आतला."

"असा असतो?"

"असतो का नसतो, ते आमच्या अखत्यारीत येत नाही." कारकुनानं चष्मा घातला आणि आता पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, ही दोन्ही कलमं अकरा वर्षं एका फायलीत शेजारी शेजारी सुखानं नांदत होती. कोणाचा कोणाला उपद्रव नव्हता. तुम्ही येऊन भांडण लावून दिलंत. कोणी सांगितलं होतं विचारायला?"

काटासाहेबांनी मान हलवली. उत्तर खुळचट आहे हे त्यांना कळत होतं. पण ते शिक्क्यासह होतं, आणि शिक्क्यापुढं त्यांची मान गेली चाळीस वर्षं आपोआप हलत आली होती.

त्या महिन्यात ताईला एक नवी सवय लागली. चहाचा कप उचलायचा असला की ती कपाकडे न पाहता कपाच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहायची. तसं पाहिलं की कप दिसतो, म्हणायची. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कानामागं बघायची. "टायर आले का रे?" ती काटासाहेबांच्या कानाला विचारायची.

"प्रक्रियेत आहेत."

"टायर आहेत का लग्नाचा मुलगा?"

कारकुनानं जाता जाता सुचवलं होतं, जाणकारांचा अभिप्राय जोडा. म्हणून काटासाहेब जुन्या वेगवान गाड्यांच्या मंडळात गेले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. बैठक त्यांच्याच दवाखान्यात भरली. काही सभासद खुर्च्यांवर होते, खजिनदार दात काढायच्या खुर्चीवर आडवा होता. टायरच्या आतले धागे तिरपे असावेत की सरळ, यावर अर्धा तास वाद झाला. तिरप्या धाग्यांचे सभासद सरळ धाग्यांच्या सभासदांशी दोन वर्षं बोलत नव्हते. ते एकमेकांना उद्देशून अध्यक्षांशी बोलत.

"आपल्याला टायर कशासाठी हवेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"गाडी चालवायला."

एकानं उठून दार लोटलं.

"चालवणं," अध्यक्ष म्हणाले, आणि दाढ काढण्याआधी ते असंच मऊ बोलत असतील, "हा त्या गाडीवर अन्याय आहे. माझी निळी एकोणीस वर्षं चाललेली नाही. ट्रेलरवरून येते, ट्रेलरवरून जाते. म्हणून तर दर साली प्रदर्शनात पहिली येते. चालवतात ते हौशी. आपण जाणकार."

"पण बहिणीला एकदा..."

"फोटो आणलाय?"

काटासाहेबांनी टायरांचे फोटो पुढं केले. ते हातोहात फिरले आणि फिरता फिरता खोलीतला आवाज खाली येत गेला. खजिनदार खुर्चीवर उठून बसला.

"या भेगा नैसर्गिक आहेत?"

"पस्तीस वर्षांच्या."

"मी माझ्या टायरांना कारागीर बसवून भेगा पाडून घेतल्या," खजिनदार हळू आवाजात म्हणाला. "पण इतक्या खोल नाही गेल्या."

त्या रात्रीच मंडळानं कार्यालयाला पत्र पाठवलं. आठ दिवसांत समिती नेमली गेली. एवढ्या वेगानं त्या कार्यालयात याआधी फक्त साहेबांच्या बदलीची मिठाई वाटली गेली होती.

टायर निवड समिती, बैठक तिसरी. (पहिली बैठक समितीच्या नावात 'निवड' असावे की 'निश्चिती' या चर्चेत संपली. दुसरी, पहिलीचे इतिवृत्त मंजूर करण्यात.)
रबरतज्ज्ञ: या टायरांवर गाडी दहा पावलं जरी नेली तरी जीवाला धोका.
इतिहासतज्ज्ञ: गाडीच्या काळच्या साच्यातला असा पूर्ण संच जगात उरलेला नाही. साचेही मोडले गेले. टायर अमोल.
सुरक्षा अधिकारी: गाडी हलली नाही तर धोका संभवत नाही.
पुरातन अधिकारी: गाडी हलली नाही तर झीज संभवत नाही.
अध्यक्ष: म्हणजे सर्वांचे एकमत आहे.
अर्जदार: मला टायर बदलून हवे होते.
अध्यक्ष: नोंद घ्यावी.
(नोंद घेतली नाही.)
ठराव: विद्यमान टायर हेच निवडण्यात येत आहेत. वाहन संरक्षित. हलवू नये.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा एक माणूस खडू घेऊन आला. त्यानं प्रत्येक टायरवर वरून खाली पांढरी रेघ ओढली आणि ती तशीच पुढं फरशीवर वीतभर नेली. टायरवरची रेघ आणि फरशीवरची रेघ जुळली नाही, तर गाडी हलली असं समजायचं. दर शनिवारी चारही रेघांचे फोटो पाठवायचे. रविवारचं इंजिनही बंद, कारण थरथरीनं रेघ ढळते.

"रेघ सुंदर ओढलीत," काटासाहेब म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं. आणि तसं वाटल्याचं त्यांना त्या रात्री जेवताना वाईट वाटलं, कारण समोर ताई आमटीच्या वाटीशेजारच्या टेबलाकडे पाहत आमटी शोधत होती.

टायरवाला परस्पर घरी आला. ताईनंच त्याला बोलावलं होतं.

"साहेब, रविवारी सकाळी येतो. टेम्पोचे चार घालतो. तुम्ही ताईंना फिरवून आणा. आल्यावर जुने परत चढवतो."

"आणि रेघ?"

"खडू कुठल्याही दुकानात मिळतो."

ताई हसली. काटासाहेब हसले नाहीत. ते उठून गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ गाडीजवळ उभे राहिले. एक अंगठा पुरला असता. ओला करायचा आणि रेघेवरून फिरवायचा. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग आत येऊन कागद घेतला आणि दोन तासांच्या तात्पुरत्या हालचालीसाठी परवानगीचा अर्ज लिहिला. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला, साक्षांकित.

"बाळ्या," ताई म्हणाली, "मी तुझी बहीण आहे की तराजू?"

"परवानगी मिळेल, ताई. कारण सबळ आहे."

आणि परवानगी मिळाली. अकरा आठवड्यांनी, पण मिळाली. व्यवस्थेविषयी लोक उगाच वाईट बोलतात.

अटी: वाहन ट्रेलरवर ठेवून ट्रकने ओढून नेण्यात यावे. ट्रेलरवर चढवतानाची चाकांची हालचाल निरीक्षकासमक्ष करून नवीन रेघा आखून घ्याव्यात. वाहनावर जाड आच्छादन असावे. वाहनात कोणीही बसू नये. अर्जदाराच्या भगिनीस ट्रकच्या केबिनमध्ये बसण्यास हरकत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक आला. गाडी वर चढली, रेघा नव्यानं आखल्या गेल्या, ताडपत्री बांधली गेली. ताईनं ठेवणीतला स्कार्फ बांधला होता. ती केबिनमध्ये खिडकीशी बसली, मध्ये काटासाहेब, पलीकडे ट्रकवाला.

"मागं काय आहे हो?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"आमची गाडी."

"बिघडलीय?"

"नाही. चांगली आहे," ताई म्हणाली. "फार चांगली आहे. म्हणून झाकलीय."

रस्ता डोंगराच्या कुशीतून चढू लागला. ताईनं काच खाली केली. आता समोरचं तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. पण समुद्र मोठा असतो, कडेनंही मावतो, असा तिचा हिशेब होता. तिनं मान थोडी डावीकडे वळवून ठेवली, म्हणजे आला की बरोबर नजरेच्या कोपऱ्यात येईल. "वळण आलं की मला सांग," ती म्हणाली. "मी तयार राहते. एकदाच बघायचंय."

त्याच वेळी ट्रेलरला एका खड्ड्यात दणका बसला.

काटासाहेबांनी वळून केबिनच्या मागच्या चौकोनी काचेतून पाहिलं. ताडपत्रीचा कोपरा उडाला होता आणि मागच्या उजव्या टायरवरची रेघ दिसत होती. ती खालच्या रेघेशी जुळते आहे की बोटभर सरकली आहे, ते नीट कळत नव्हतं. त्यांनी काचेला नाक लावलं. एक डोळा मिटला.

"आलं का रे?"

"थांब. रेघ बघतोय."

रेघ जुळत होती. अगदी काटेकोर. ते समाधानानं पुढं वळले तेव्हा रस्ता पुन्हा झाडीत शिरला होता, आणि ट्रकवाला म्हणत होता, "काय झकास दिसतो हो इथून. बघितलात ना ताई?"

ताई मान डावीकडे वळवून तशीच बसली होती. "माझ्या बाजूला डोंगर होता," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला असेल."

"मागं घ्या," काटासाहेब म्हणाले.

"ट्रेलर लावून? वळणावर? जमायचं नाही. आणि तुमच्या परवानगीत फक्त जायचा हा रस्ता लिहिलाय, यायचा तो दुसरा."

काटासाहेबांनी कागद काढून पाहिला. तसंच लिहिलं होतं.

या हालचालीचा अहवाल मंडळाच्या अंकात छापून आला. त्यावर एक्केचाळीस पत्रं आली. सतरा तिरप्या धाग्यांच्या बाजूची, सोळा सरळ धाग्यांच्या, आणि आठ जणांना खडूऐवजी मेणाची कांडी वापरायला हवी होती.

तुम्ही अर्थातच असं पत्र लिहिलं नसतं. तुम्ही त्याच रविवारी टेम्पोचे टायर घालून निघाला असता, आणि वळणावर गाडी थांबवून ताईला हाताला धरून उतरवलं असतं. याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. तुमची गाडी दाराशी उभी आहे. टायर सहा वर्षांच्या आतले आहेत. त्यांच्यावर कोणी रेघ ओढलेली नाही, समिती नेमलेली नाही, परवानगी लागत नाही. आणि आतल्या खोलीत जे माणूस गेलं वर्षभर 'एकदा नेऊन आण रे' म्हणतंय आणि ज्याला तुम्ही 'बघू' असं तोंडी उत्तर दिलेलं आहे, त्या प्रकरणातल्या विलंबाचं कारण सात दिवसांत लेखी सादर करावं.