जाड अक्षरांची निवृत्ती

लाँड्रीतून आलेलं पुडकं उघडलं, तर आतून एक पांढरा ॲप्रन, चौकटीची सैल विजार आणि हातभर उंच पांढरी टोपी निघाली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"टोपी," जपून म्हणाला.

"ते दिसतंय मला. माझा राखाडी कोट कुठाय?"

जपून हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दार लोटताना, चहा ओतताना, कोणी शिंकणार असं दिसलं तरी तो "जपून, जपून" म्हणायचा, म्हणून घरात आणि गल्लीत तेच नाव पडलं होतं. बायको शाळेत उपमुख्याध्यापिका होती. दुपारी तीन वाजता मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. ही जागा मागे दोनदा तिच्या हातून गेली होती आणि दोन्ही वेळा तिच्याहून कमी शिकलेल्या, पण जास्त रुबाबदार माणसाला मिळाली होती. त्यामुळे यंदा तिने रुबाबाची तजवीज केली होती. ती तजवीज म्हणजे तो राखाडी कोट.

"पुडक्यावर नंबर तर आपलाच आहे," जपूनने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"मग चिठ्ठी घालून जाऊ का मुलाखतीला?"

जपून चपला घालून निघाला. खरं तर आज त्याचं मन प्रसन्न असायला हवं होतं, कारण कालच त्याने एक मोठं काम हातावेगळं केलं होतं. तो पोटापाण्यासाठी एका कंपनीत प्रोग्रामर होता, पण त्याचा जीव होता स्वतःच्या एका प्रोग्रामवर. हा प्रोग्राम चिकटचिठ्ठ्या छापायचा. तो त्याने जगाला फुकट दिला होता. कोणीही घ्यावा, वापरावा, आतली घडण उघडून पाहावी, पटलं नाही तर बदलावी. किती लोक तो वापरतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. वापरणारे आभार मानत नाहीत, अडलं की शिव्या देतात, त्यामुळे हिशेबाची एकच बाजू त्याला दिसायची.

त्या प्रोग्राममध्ये जाड अक्षरांची एक जुनी सोय होती. शाईच्या फितीवर चालणाऱ्या प्रिंटरांसाठी ती कधीकाळी केलेली. ते प्रिंटर भंगारात गेले, सोय मात्र राहिली, आणि तिच्यापायी दर वेळी काहीतरी नवं मोडायचं. ती काढून टाकायची, असं जपूनने ठरवलं. पण एकदम काढेल तर तो जपून कसला? त्याने आधी जाहीर निवेदन दिलं. कोणी वाचलं नाही, म्हणजे कोणाची हरकत नाही, असं समजून त्याने कालच्या नव्या आवृत्तीत सोय चालूच ठेवली, फक्त ती वापरणाऱ्याला पडद्यावर एक नम्र ओळ दिसेल अशी व्यवस्था केली: "जाड अक्षरांची सोय लवकरच बंद होणार आहे. कृपया पर्यायी व्यवस्था करावी." एका ओळीने कोणाचं काय बिघडणार?

लाँड्रीच्या काउंटरवर एकच पुडकं उरलं होतं. त्यावर नंबर नव्हता. त्यावरच्या चिठ्ठीवर ठळक छापलं होतं: "जाड अक्षरांची सोय लवकरच बंद होणार आहे. कृपया पर्यायी व्यवस्था करावी."

जपूनने ती पुन्हा एकदा वाचली.

"वाच, वाच," लाँड्रीवाल्या मावशी म्हणाल्या. "सकाळपासून वीस जणांना दाखवलंय. कोण हा शहाणा, जो माझ्या प्रिंटरात घुसून मला व्यवस्था करायला सांगतोय?"

"पण मावशी, हे तर... म्हणजे असं काही पडद्यावर येत असेल ना?"

"पडदा कुठाय? तो बिघडून जमाना झाला. रिपेरीवाला म्हणाला, नवा कशाला घेताय, पडद्यावरचं सगळं प्रिंटरातूनच काढतो. काढलं. आजवर एक अक्षर वावगं आलं नाही."

मावशींची कामाची पद्धत जपूनला तिथेच कळली. इस्त्री झालेली पुडकी टेबलावर ओळीने लागायची. चिठ्ठ्यांची पट्टीही त्याच ओळीने बाहेर यायची. मावशी एकेक चिठ्ठी सोलायच्या आणि एकेका पुडक्यावर थापायच्या. काल पहिली चिठ्ठी आली ती जपूनची सूचना. ती बसली पहिल्या पुडक्यावर. पहिल्याची चिठ्ठी दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. अख्ख्या गल्लीत प्रत्येकाच्या घरी पुढच्याचे कपडे गेले होते.

"तुम्ही चिकटवताना वाचत नाही?"

"वाचत बसले तर चिकटवू कधी?"

"माझ्या बायकोचा कोट हवाय, मावशी. तीनला मुलाखत आहे तिची."

"मिळेल रे. सायकलवाल्याला धाडलंय घरोघरी, सगळी पुडकी गोळा करून आणायला. दुपारच्या आत परत वाटते. तू घरी जा आणि बायकोला सांग, मावशीनं शब्द दिलाय."

इथे जपूनने सांगून टाकायला हवं होतं, की मावशी, तो शहाणा मीच. पण मावशींच्या हातात त्या वेळी गरम इस्त्री होती. तो "बरं, बरं" म्हणत मागच्या पावली बाहेर पडला आणि जवळजवळ धावतच घरी आला.

"सापडला?" बायकोने विचारलं.

"येतोय."

"कोण, कोट?"

"पुडकं. दुपारपर्यंत. तू काळजी करू नको."

"तुझ्या तोंडाकडे बघून काळजी वाटतेय. एवढा घाम कशाचा?"

"उन्हाचा."

"ढग आलेत बाहेर."

जपून कॉम्प्युटरसमोर बसला. काम सोपं होतं. ती एक ओळ काढायची, नवी आवृत्ती सोडायची. जगातली यंत्रं ती आपोआप उचलतात, लाँड्रीचंही उचलेल. ओळ गेली, की चिठ्ठ्या पुन्हा पूर्वीसारख्या येतील आणि कोणाला काही कळायच्या आत सगळं मिटेल. त्याने ओळ काढली, आवृत्ती सोडली आणि खुर्चीत मागे रेलला. आयुष्यात प्रथमच त्याने एखादी गोष्ट इतक्या झटपट केली होती. एरवीच्या सवयीने त्याने कोणाला तरी कळवलं असतं. या वेळी कळवण्याचीच भीती होती.

तिकडे मावशीही स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुडकी परत आली. दुसऱ्याचे कपडे उघडून पाहायचे नाहीत, हा त्यांचा नियम. पण चुकीच्या का होईना, चिठ्ठ्यांवर नंबर होते, त्यावरून त्यांनी कालचीच ओळ पुन्हा लावली. मग त्यांनी डोकं चालवलं. हल्ली पट्टीवर पहिली चिठ्ठी फालतू येते, तर तिला बसायला एक जागा करून द्यावी. त्यांनी ओळीच्या सुरुवातीला दुकानातला एक जुना टॉवेल घडी करून ठेवला आणि नव्याने पट्टी काढली. चिठ्ठ्या आल्या. पहिली टॉवेलावर गेली, बाकीच्या पुडक्यांवर. न वाचता, अर्थातच.

एका चुकीला दोन दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि दोन्ही बिनचूक होत्या.

मुलाखतीला तासभर असताना सायकलवाल्याने पुडकं दारात दिलं. बायकोने दोरी सोडली. आत कोट होता. निळा, तिच्या मापाने फार मोठा, पुरुषी कोट. खिशात दात कोरायची काडी होती.

"जपून," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "हा कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा कोट आहे."

जपूनने मनातल्या मनात गल्लीतल्या घरांची ओळ मांडली. आधी डॉक्टर, मग आपण, मग तो हॉटेलातला आचारी. सकाळी आपल्याकडे आचाऱ्याचे कपडे आले, आता डॉक्टरांचे. म्हणजे या वेळी सगळं उलट्या दिशेने सरकलंय. म्हणजे आपला कोट आचाऱ्याकडे. पण का सरकलं? ओळ तर आपण काढली!

"दहा मिनिटांत आलो," म्हणून तो पळाला.

आचारी कामावर गेला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिच्या अंगात राखाडी कोट होता.

"वहिनी, तो... तो कोट..."

"छान दिसतो ना?" वहिनी आरशाकडे वळल्या. "मी म्हटलं, इतक्या वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदा सुचलं काहीतरी आणायचं! माप पण कसं बरोबर आणलंय बघा."

आता एखादा माणूस सरळ म्हणाला असता, की वहिनी, कोट माझ्या बायकोचा आहे, काढा. जपून म्हणाला, "हो, छान आहे. पण एक विचारू का? म्हणजे घाई नाही. म्हणजे तशी घाई आहे." कोट प्रकरण पूर्ण समजावून सांगेपर्यंत, त्यात रिपेरीवाला, पडदा आणि जाड अक्षरं येऊन जाईपर्यंत वहिनींचे डोळे भरून आले. कोटामुळे नव्हे, नवऱ्यामुळे. मग जपूनने त्यांना पाणी आणून दिलं. त्यांच्याच घरातलं.

तो रिकाम्या हाताने परतला तेव्हा बायको गेलेली होती. निळा कोटही. त्याच्या जागी दाराशी दाताचे डॉक्टर उभे होते.

"सायकलवाला म्हणतो, माझा कोट तुमच्याकडे आलाय."

"आला होता."

"आता कुठाय?"

"मुलाखतीला गेलाय."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "किती वेळ लागेल त्याला?"

"बसा ना. चहा टाकतो."

डॉक्टर बसले. चहा उकळेपर्यंत जपूनने कॉम्प्युटर पाहिला. कोण्या दूरदेशीच्या ग्रंथालयातून पत्र आलं होतं, आणि सुरुवातच शिव्यांनी होती. 'पडद्यावरचं सगळं आम्ही छापूनच घेतो. काल तुम्ही एक आगाऊ ओळ छापायला लागलात. आम्ही रात्रभर खपून पहिली चिठ्ठी फेकून द्यायची सोय केली. आज तुम्ही ओळ काढली, आता आमच्या पहिल्या पुस्तकाची चिठ्ठीच फेकली जातेय. एकदा दिलेली गोष्ट अशी काढून घेतात का?'

जपूनला एकदम मावशी दिसल्या. त्याने लाँड्रीत फोन लावला. "मावशी, आज पट्टी लावताना तुम्ही काही वेगळं केलंत?"

"केलं ना. टॉवेल ठेवला पुढे."

"का?"

"पहिली चिठ्ठी फालतू येते म्हणून. तूच पाहिलीस की सकाळी."

जपूनने डोळे मिटले. "मावशी, तो शहाणा मीच. तो प्रोग्राम माझा आहे. ती चिठ्ठी मी काढून टाकली, म्हणून..."

पलीकडे इस्त्री आपटल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाल्या, "मग परत घाल."

"पण ती चूक होती."

"असू दे. तिच्यासाठी मी टॉवेल दिलाय. आता मागे फिरू नको."

डॉक्टर चहात बिस्कीट बुडवत पाहत होते. जपूनने ओळ परत घातली, तिसरी आवृत्ती सोडली आणि कपाळाला हात लावून बसला. ज्या सोयीला निरोप द्यायचा ती तर गेलीच नाही, वर तिच्या निरोपाची चिठ्ठी आता कायमची सांभाळायची. जमेला शून्य आणि नावे आणखी एक. आणि बायको तिथे बाह्या दुमडून, दुसऱ्याच्या कोटात, तिसऱ्यांदा ती जागा हातची घालवत असणार.

बायको आली ती हसत.

"झाली निवड."

"झाली?" जपून उठला तसा डॉक्टरही उठले. "कोटाबद्दल विचारलं नाही कोणी?"

"पहिला प्रश्नच तो. आत जाण्याआधी मावशींनी फोनवर सगळं ऐकवलं होतं, तेच मी सांगितलं. चिठ्ठी, टॉवेल, दोन्ही दुरुस्त्या. मुलाखत घेणारे तिघंही पोट धरून हसत होते. मग अध्यक्षांनी विचारलं, शाळेत जुन्या निरुपयोगी पद्धती खूप आहेत, त्या बंद करायच्या तर तुम्ही कशा कराल?"

"मग तू म्हणालीस ना, आधी सूचना, मग मुदत, मग..."

"मी म्हटलं, न सांगता. सूचना दिली की लोकांना ती गोष्ट हवीशी वाटायला लागते. गुपचूप काढली तर कोणाला पत्ता लागत नाही."

"अगं, असं कोणी बोलतं का!" जपून खुर्चीत कोसळला.

"ते म्हणाले, हेच करणारं माणूस आम्ही शोधत होतो." तिने निळा कोट काढून डॉक्टरांच्या हातात दिला. "आणि येताना आचारीवहिनींकडे जाऊन आले. राखाडी कोट त्यांनाच राहू द्या म्हटलं."

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू मुदत मागितली असतीस."

डॉक्टर कोट घालून, खिसा चाचपून निघून गेले. जपून पडद्यासमोर बसून राहिला. मग त्याने दाराकडे पाहिलं, बायको आत गेल्याची खात्री करून घेतली आणि श्वास रोखून जाड अक्षरांची सोय मुळापासून उपटून टाकली. कोणी मागितलीच तर प्रोग्राम निमूटपणे साधी अक्षरं छापेल आणि ब्र काढणार नाही. निवेदन नाही, सूचना नाही. फक्त ती पहिली ओळ त्याने जागच्या जागी ठेवली, कारण तिच्यावर एक ग्रंथालय आणि एक टॉवेल अवलंबून होते.

पुढचे कित्येक दिवस तो फोन वाजला की दचकत होता. एकही तक्रार आली नाही. सायकलवाल्याला आकडे जरा बारीक वाटले, पण चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं समजून तो गप्प बसला. मावशी तर काही वाचतच नव्हत्या.

जाड अक्षरांची सोय केव्हाच बंद झाली. ती लवकरच बंद होणार असल्याची चिठ्ठी मात्र रोज सकाळी निघते.