भाऊसाहेबांचं पथ्य

आमच्या आळीत एक माणूस सकाळपासून बोक्याच्या मागं फिरतो. बोका मुततो की नाही, एवढंच बघायला. बोका कुंपणाखालून गेला की माणूस कुंपणावरून वाकतो. बोका कौलावर चढला की हा खाली उभा, मान वर करून. बोक्यानं राखेत पाय खरवडले की याचा श्वास थांबतो, आणि मग "झाली!" अशी आरोळी उठते की नव्या माणसाला वाटावं, घरात नातूच झाला.

हे किसनआप्पा. आमच्या घराला त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. माझ्या नवऱ्याला ते दादा म्हणायचे, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते आणि ते मला वहिनी. आमच्या किकवी गावात त्यांना ओळखत नाही असं कुणी नाही, कारण त्यांचा उभा जन्म ग्रामपंचायतीचं पाणी सोडण्यात गेला. कुठल्या आळीला कधी पाणी द्यायचं, कुठला व्हॉल किती फिरवायचा, सगळं त्यांच्या हातात. आता ते काम दुसऱ्याकडं आहे. पण भावजींचे हात काही ऐकत नाहीत. रस्त्यानं जाता जाता कुणाच्याही नळाला हात लावून बघतात, पाइपाला कान लावतात. बसा म्हटलं की "बसतो, बसतो" म्हणतात आणि उंबऱ्यात उभे राहून बाहेर बघतात.

सगळ्या जगाचं मोजमाप त्यांच्याकडं एकच. चहा पाणचट झाला, "प्रेशर न्हाई." सरपंचाचं भाषण पडलं, "प्रेशर न्हाई." माझ्या थोरल्या सुनेनं मला उलटं बोलायचं सोडलं, तेव्हाही मला म्हणाले, "वहिनी, सूनबाईचं प्रेशर कमी झालंय, ताप-बिप न्हाई ना बघा."

बायको जाऊन लई वर्षं झाली. मुलगी हिर्डोशीकडं दिली. तिकडं एसटी कमी आणि मुलीचं येणं त्याहून कमी. घरात हे आणि बोका. बोक्याचं नाव भाऊसाहेब. जन्मभर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, सगळ्या भाऊसाहेबांनी यांना हुकूम सोडले. आता घरचाच एक भाऊसाहेब असावा, ज्याला आपण दोन शिव्या घालू, असा त्यांचा विचार. पण शिवी कधी घातली नाही. घरातल्या बोक्यालासुद्धा ते अहोजाहो करतात. एकदा नवे ग्रामसेवक आमच्या आळीतून चालले होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊसाहेब, किती येळ बसणार? लघवी व्हत न्हाई का?" ते सभ्य गृहस्थ तिथंच थांबले, चष्मा पुसला आणि आल्या वाटेनं परत गेले.

दुखणं सुरू झालं तेव्हा कुणालाच कळलं नाही. बोका राखेत बसायचा, कुंथायचा, रडायचा, थेंब नाही. भावजींनी निदान केलं, "लाइन चोक हाय." माणसाला मुतखडा झाला की आपल्याकडं काय करतात? कुळथाचं पाणी. यांनी कुळीथ शिजवले, पाणी गाळलं आणि बोक्याचं तोंड उघडून पाजायला गेले. मग पानफुटीचं पान. दोन्ही औषधं भावजींच्याच अंगावर गेली आणि वर हातावर नख्यांचे ओरखडे. मी भिंतीवरून म्हणाले, "भावजी, मांजर हाय ते. मरतं त्यावेळी मरतं."

"वहिनी, तुमच्या तोंडात साखर पडू द्या," असं म्हणून ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बोका घालून भोरच्या एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, याचं तिकीट?" भावजी म्हणाले, "भाऊसाहेब हायेत. कधी तिकीट काढत्यात व्हय?"

भोरात जनावरांची एक डॉक्टरीण आहे, तरुण पोरगी. तिनं नळी घालून बोका मोकळा केला आणि सांगितलं की बोक्यांची वाट बारीक असते, तिथं खडा अडकतो. हे परत होणार. पुन्हा पूर्ण अडकलं आणि वेळेत आणला नाही, तर जाईल. औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं. सुकट बंद, दूध बंद, मीठ बंद, मांजरांची कोरडी बिस्किटं एकदम बंद. डब्यातलं ओलं खाणं मिळतं, खास याच दुखण्याचं, तेच द्यायचं. पोटात पाणी गेलं पाहिजे.

पाणी म्हटल्यावर भावजींना सगळं समजलं. येऊन मला म्हणाले, "साधी गोष्ट हाय. खालची लाइन बारीक, तर वरनं पाणी जादा सोडायचं."

साधं ते काय असतं? पहिला डबा फोडला. भाऊसाहेबांनी वास घेतला आणि पुढच्या पायानं फरशी खरवडली, घाण झाकतात तशी. भावजींनी डॉक्टरणीला मोबाईल लावला, "बाई, नामंजूर केलं त्यांनी." ती म्हणाली, कोंबडी नुसती पाण्यात उकडा, तो रस डब्यातल्या खाण्यात मिसळा, मग खाईल. भावजींचा मोबाईल कानाला तसाच. कारण भावजी माळकरी. बापाच्या वेळेपासून त्या घरात अंडंसुद्धा शिजलेलं नाही.

मोबाईल ठेवून ते सरळ माझ्या दारात. आम्ही खाणारे लोक.

"वहिनी, एक इनंती हाय."

"मी बोक्याची स्वैपाकीण न्हाई," मी म्हणाले.

"तुमी तुमच्यासाठी करताच की. त्यात दोन फोडी नुसत्या उकडायच्या."

असं माझ्या गळ्यात पडलं. मी कोंबडी उकडायची आणि भावजी रस्त्याच्या पलीकडं, नाकाला उपरणं लावून, तिथूनच कारभार करायचे. "वहिनी, कांदा न्हाई ना गेला त्यात? लसूण? पाणी किती हाय? वाढवा अजून!" आळीतल्या बायका दारात येऊन हसायच्या. रस घ्यायला करवंटी आणायचे, घरातलं भांडं नाही. करवंटी हात लांब करून अशी न्यायचे, जशी काही जळती चूड. अंगणात बोक्याला वाढायचे आणि मग आंघोळ. दिवसातून दोन-दोन आंघोळी. पण बोका खायला लागला. आधी रस जास्त आणि डबा कमी, मग हळूहळू डबा वाढवायचा, असं चाललं होतं.

पण गावातला बोका एका घरचा नसतो. कुणी सुकटीचं डोकं टाकायचं, कुणी दूध. भावजींनी काय करावं? ग्रामपंचायतीच्या लाउडस्पीकरवरून दवंडी दिली. ज्या आवाजात उद्या पाणी येणार नाही सांगायचे त्याच आवाजात: "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, भाऊसाहेबांना कुणीही सुकट अथवा दूध घालू नये. घातल्यास अनर्थ होईल." महिनाभर पोरं तेच बोलत होती. पण एक खरं, सुकट घालणं बंद झालं.

मग आला सप्ता.

सात दिवस आमच्या गावात कुणाच्या घरी वशाट शिजत नाही. कोंबडीवाला स्वतःच दुकानाला कुलूप लावून टाळ घेऊन येतो. मंडपात अखंड नाम चालतं आणि त्यातला विणा सात दिवस खाली टेकवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याचा पहारा असेल त्यानं उभं राहायचं. भावजींचा दुपारचा पहारा ठरलेला, वर्षानुवर्षांचा.

आदल्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, उद्यापासनं आपला स्वैपाक बंद. सात दिस डब्यावर काढंल तो."

रसाशिवाय तो डब्याला तोंड लावेना. एक दिवस उपाशी, दुसरा दिवस उपाशी. तो आत-बाहेर करी, त्याच्यामागं हे आत-बाहेर करीत. तिसऱ्या दिवशी भावजींनी फडताळातून कोरड्या बिस्किटांचं जुनं पाकीट काढलं. मी बघितलं तर म्हणाले, "बिस्किटंच हायेत वहिनी. वास येत न्हाई. शाकाहारीच दिसत्यात." डॉक्टरणीनं एकदम बंद कशाला म्हटलं होतं, ते मी त्यांना ऐकवलं. म्हणाले, "सप्ता उरकंपर्यंतच." बोक्यानं कडाकडा खाल्ली. माणूस देवासाठी पथ्य मोडतो आणि बोक्याच्या लघवीवर भार पडतो, असा हा प्रकार.

पाचव्या दिवशी दुपारी मी अंगणात आले तर भाऊसाहेब राखेत बसलेला. उठला, दोन पावलं गेला, परत बसला. परत उठला. मग असा आवाज काढला की मला हातातलं सूप ठेवावं लागलं.

मी मंडपात गेले. भावजी मधोमध, गळ्यात विणा. मला बघून भुवया वर केल्या. मी मान हलवली, नाही. त्यांनी तोंडानं हरिनाम चालूच ठेवलं, पण डोळे माझ्यावर आणि पाय जागच्या जागी नाचायला लागले. लोकांना वाटलं, भक्तीचा भर आला. दोघांनी पाया पडून घेतलं. पुढचा पहारेकरी चहाला गेलेला. हाक मारायला तोंड मोकळं नाही, विणा ठेवायला जमीन नाही.

ते सरळ माझ्याकडं आले, गळ्यातला विणा काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"धरा वहिनी," म्हणाले आणि पळाले.

आमच्या सप्त्यात बाईच्या गळ्यात विणा कधी पडला नव्हता. मंडपातले टाळ थांबले. सप्त्याचं सगळं बघणारे नामदेवतात्या उभे राहिले. म्हणाले, "अहो काकू, हे काय?"

"मला काय इचारता? खाली ठेवू का?" मी म्हणाले.

खाली ठेवा म्हणायची कुणाची छाती होईना. माझ्या गळ्यातून स्वतः काढून घ्यायचीही होईना. मग मी आपली उभी राहिले आणि नाम घेतलं. जड असतो हो विणा. खांद्याला रग लागते. चहाला गेलेला पहारेकरी परत आला तेव्हा कुठं सुटले, आणि त्याला दोन शब्द सुनावूनच घरी आले.

भावजींनी शेजारच्याचा टेम्पो करून भोर गाठलं होतं. डॉक्टरणीनं परत नळी घातली, मोकळा केला, सुई दिली आणि भावजींना चांगलं फैलावर घेतलं. म्हणाली, आता नळी काढलीय. उद्या संध्याकाळपर्यंत आपणहून झाली नाही तर पुण्याला न्या, आणि तिथंही वाचेल असं मी सांगत नाही. पोटात ओलंच गेलं पाहिजे, आजच.

दिवस मावळायच्या आधी ते परत आले. एका हातात क्रेट, दुसऱ्या हातात काळी पिशवी. मी ओळखलं. मला उकडून द्या म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. अंगणात तीन दगड मांडले, घरातलंच पातेलं आणलं आणि कोंबडी उकडत ठेवली. नाकाला उपरणं नाही. सप्त्याच्या पाचव्या दिवशी, भर आळीत, कोंबडीचा वास. मंडपापर्यंत गेला.

तात्या आले. मागं चार माणसं.

"आप्पा, माळकरी माणूस तुमी. निदान माळ तरी काढून ठेवायची!"

भावजी पळीनं ढवळत होते. "माळ काढून केलं असतं तर इठोबाला फसवल्यावाणी झालं असतं, तात्या. बघू द्या की त्याला."

"उद्यापासनं पहाऱ्याला येऊ नगा."

"बरं," म्हणाले. वर मान केली नाही. तात्या जरा वेळ थांबले, त्यांना भांडायचं होतं. भांडायला समोर माणूसच नाही म्हटल्यावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भावजी बोक्याच्या मागं होते. आज बोका चालत नव्हता फारसा, म्हणून हेच त्याच्याभोवती चकरा मारीत होते. रस प्यायला होता. डबाही थोडा खाल्ला. मंडपातून नामाचा आवाज येत होता, त्यांच्या पहाऱ्याची वेळ आली आणि गेली. मी दोनदा भिंतीवरून बघितलं. दोन्ही वेळा आत निघून आले. माझं बोलणं औषधाचं नसतं, मला माहीत आहे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा भाऊसाहेब उठला, राखेपर्यंत गेला आणि बसला. बराच वेळ बसला. मग उठला. भावजी गुडघ्यावर खाली वाकले, राखेला बोट लावलं.

मी आरोळीची वाट बघितली. आरोळी आली नाही. ते माझ्या दारात आले.

"झाली," म्हणाले, हळू.

"बरं झालं," मी म्हणाले. "आता जेवा जावा. कालपासनं काय खाल्लं न्हाई तुमी."

ते गेले नाहीत. चौकटीचं लाकूड नखानं कोरत राहिले.

"वहिनी, जरा येऊन बसता का? मी जेवाय बसतोय."

"मी कशाला?"

"रोज तो बसतो म्होरं. मी दोन घास घेतल्याबिगर हलत न्हाई. आज दमून झोपलाय. आणि एकट्यानं... सवय न्हाई ऱ्हायली."

मी गेले. त्यांनी दोन ताटं मांडली. नको म्हटलं तरी मला अर्धी भाकरी आणि आमटी वाढली. मी एक घास घेतला. आमटी साफ अळणी. भाकरीही अळणी. मी चुलीकडं बघितलं, फडताळाकडं बघितलं. घरात मिठाचा डबाच नव्हता. बोका त्यांच्या ताटात तोंड घालतो, आणि त्याला मीठ द्यायचं नाही. ताटातून बोका हाकलण्यापेक्षा यांनी घरातून मीठ हाकललं होतं. कधीपासून, कोण जाणे.

"कशी झालीय आमटी?" त्यांनी विचारलं.

"चांगली हाय," मी म्हणाले, आणि अजून एक पळी वाढून घेतली.