देखरेखीची खोली

कोसळण्याचा धोका फक्त उभ्या इमारतीला असतो, हे बांधकामातलं मूलतत्त्व आहे. त्या दृष्टीने आमची चार फ्लॅटची इमारत अत्यंत सुरक्षित होती. पाया आणि आठ खांब एवढाच तिचा विस्तार होता, आणि शेजारीपाजारी त्या खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालत.

प्रकल्प भाऊजींचा आणि माझा. त्यापायी ताई-भाऊजींनी राहतं घर विकलं आणि दोन मुलं, शिलाई मशीन व लोखंडी कपाट यांच्यासह ते आमच्या हॉलमध्ये 'चार दिवसांसाठी' मुक्कामाला आले. मुलांना शाळेत 'माझे घर' हा निबंध आला तेव्हा ताई मोरीत जाऊन रडली.

ठेकेदाराला सगळे 'पोचलोच' म्हणत, कारण फोनवर तो एवढंच बोले. (माणूस शब्दाचा पक्का. शब्द एकच, पण पक्का.)

भाऊजींची हयात विमा कंपनीत गेलेली. त्यांनी जोखमीचा आराखडा आखला तो असा: ठेकेदार न येण्याची जोखीम टाळण्यासाठी त्याच्यावर लक्ष ठेवायला प्लंबर नेमावा. प्लंबरच आला नाही तर? त्याच्यावर इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियनवर फरशीवाला. आणि फरशीवाल्यावर पोचलोच. पळवाट म्हणून उरली नाही.

उपस्थिती लगेच शंभर टक्क्यांवर गेली. (कधीकधी सव्वाशे, रंगारी आपण होऊन येऊन बसे.) चौघेही एकमेकांवरची नजर ढळू देत नसत. मात्र नजर न ढळवता वीट रचता येत नाही, अशी एक तांत्रिक अडचण पुढे आली.

"साहेब, उन्हात लक्ष लागत नाही," पोचलोच एके दिवशी म्हणाला. आराखड्यात ऊन धरलंच नव्हतं! भाऊजींनी जागच्या जागी देखरेखीसाठी एक खोली मंजूर केली.

आणि काय सांगू, बघता बघता खोली उभी राहिली! भिंती ओळंब्यात. फरशीचं पाणी थेट मोरीकडे. नळाला धार. बटण दाबलं की त्याच बटणाचा दिवा लागे. शिवाय ओटा, माळा आणि वाऱ्याच्या बाजूला एक छोटीशी गॅलरी. मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या, आणि फरशी हलते का ते पाहायच्या निमित्ताने मी त्या मारल्याही.

"हे सगळं येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"न यायला काय झालं?" फरशीवाला दुखावला. "आम्हाला बसायचं होतं ना इथं."

ताईने खोली पाहिली आणि संध्याकाळच्या आत कपाटासह तिथे राहायला गेली. "देखरेख बाहेर करा," असं तिने चौघांना सांगितलं. ते जे बाहेर गेले ते आजतागायत बाहेरच आहेत.

आता एकच जोखीम शिल्लक होती: इमारत पुरी करण्याची. भाऊजींच्या मते ती घरात ठेवणं धोक्याचं होतं. त्यांनी ताईच्या दारावर 'सॅम्पल फ्लॅट' अशी पाटी लावली.

गेल्या रविवारी तुम्ही सहकुटुंब येऊन गेलात. भिंतीवर टकटक केलीत, नळ सोडून पाहिलात, ताईच्या हातचा चहा घेतलात. "बाकीचे फ्लॅट असेच होणार ना?" असं वहिनींनी विचारलं. "तंतोतंत," भाऊजी म्हणाले. वहिनींचे डोळे भरून आले आणि तुम्ही तिथल्या तिथे चारही फ्लॅट घेऊन टाकलेत.

अभिनंदन! घर कसं, मालकाने स्वतः उभं राहून बांधून घ्यावं लागतं. सोमवारपासून मालक तुम्ही आहात. सकाळी लवकर येत चला. उभंच राहावं लागेल. खोलीत ताई राहते.